ऑक्टोबरच्या बाळाचा झेंडू: फुलाची गोष्ट आणि वाढदिवसाला तो फुलवण्याची रीत

१५ ऑक्टोबरला दारातल्या कुंडीत टपोरा झेंडू फुललेला हवा असेल, तर त्याचं बी १२ जुलैच्या आसपास मातीत पडायला हवं. पहिल्या वर्षी हे गणित मला ठाऊक नव्हतं. नातीचा पहिला वाढदिवस उजाडला तेव्हा माझ्या कुंड्यांमध्ये गुडघाभर हिरवीगार झाडं होती आणि कळी एकही नव्हती. शेवटी अमळनेरच्या बाजारातून अर्धा किलो फुलं आणली आणि दाराला तोरण बांधलं. फुलं चांगली होती, पण ती आमची नव्हती, हे मनाला लागून राहिलं.

झालं होतं असं की नात ऑक्टोबरात जन्मली आणि सुनेच्या मैत्रिणीनं एक कार्ड पाठवलं. ‘ऑक्टोबरचं जन्मफूल: मॅरिगोल्ड’, म्हणजे आपला झेंडू. सून म्हणाली, “आई, हिचं फूल झेंडू आहे म्हणे. आपण लावायचा का?” तेव्हापासून दरवर्षी लावते आहे. चुका करत करत जे हाती आलं ते इथे सविस्तर लिहिते, म्हणजे तुमच्या घरात ऑक्टोबरचं लेकरू असेल तर तुमचं पहिलं वर्ष वाया जाणार नाही. आधी फुलाची गोष्ट सांगते. लागवडीपेक्षाही ती लेकराला सांगण्यासारखी आहे.

महिन्याला फूल कसं मिळालं

जन्ममहिन्याचं फूल ही मूळची आपली रीत नाही. आपल्याकडे बाळ जन्मलं की नक्षत्र आणि चरण बघतात, त्यावरून नावाचं अक्षर काढतात. महिन्यांची नावंसुद्धा नक्षत्रांवरून आलेली आहेत, अश्विनीवरून आश्विन आणि कृत्तिकेवरून कार्तिक. नक्षत्राला आपण झाड दिलं आहे. कृत्तिकेचा आराध्यवृक्ष उंबर, रोहिणीचा जांभूळ. फुलांची यादी पाश्चात्त्य देशांतून आली: जूनला गुलाब, जुलैला वॉटर लिली, नोव्हेंबरला शेवंती, ऑक्टोबरला झेंडू आणि कॉसमॉस. जपानमध्ये हानाफुदा नावाचे ४८ पत्ते असतात, बारा महिन्यांचे प्रत्येकी चार, आणि प्रत्येक महिन्याला एक झाड किंवा फूल ठरलेलं. तिथे शेवंती सप्टेंबरची आहे. ज्या मुलुखात ज्या महिन्यात जे दिसतं, त्यावरून यादी होते. म्हणून परकी यादी जशीच्या तशी घेण्यात मला अर्थ वाटत नाही. मार्चच्या बाळासाठी भुसावळच्या उन्हात डॅफोडिल जगणार नाही, त्या बाळाला सातपुड्यातला पळस द्यावा. ऑक्टोबरचं मात्र नशीब असं की यादीतलं फूल आणि खान्देशातलं फूल एकच निघालं.

तरी त्यातही एक गफलत आहे. इंग्रजीत मॅरिगोल्ड हे नाव आधी ज्या फुलाला होतं ते कॅलेंड्युला, आपला झेंडू नव्हे. मॅरिगोल्ड म्हणजे ‘मेरीचं सोनं’, येशूची आई मेरी हिच्यावरून. कॅलेंड्युला हे नाव लॅटिनमधल्या ‘कॅलेंडी’ या शब्दावरून आलं. रोमन लोक महिन्याच्या पहिल्या दिवसाला कॅलेंडी म्हणत, आणि ‘कॅलेंडर’ हा शब्दही तिथूनच निघाला. महिन्याचं फूल निवडायचं तर याहून शोभणारं नाव सापडणं कठीण. पण कॅलेंड्युला आपल्याकडे थंडीचं फूल आहे. ऑक्टोबरात पेराल तर डिसेंबर-जानेवारीत फुलेल. वाढदिवसाच्या दिवशी तो मिळायचा नाही, तेव्हा आपण झेंडूच धरायचा.

मेक्सिकोतून खान्देशात

झेंडू मूळचा आपला नाही, हे कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. दसऱ्याला ज्याच्याशिवाय पान हलत नाही ते फूल परदेशी कसं असेल? पण झेंडूचं माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेत त्याचं नाव ‘सेम्पोवाल-शोचित्ल’. सेम्पोवाली म्हणजे वीस आणि शोचित्ल म्हणजे फूल. त्यांची मोजणी विसाची, त्यामुळे वीस म्हणजे पुष्कळ: पुष्कळ पाकळ्यांचं फूल. आपल्या नवापूर-नंदुरबारकडे गुजरातीचा शेजार आहे. गुजरातीत झेंडूला गलगोटा म्हणतात, तसंच हजारीही म्हणतात. समुद्राच्या दोन्ही टोकांच्या माणसांना या फुलाकडे बघून आधी पाकळ्याच मोजाव्याशा वाटल्या!

आणि आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या खरं तर पाकळ्या नाहीतच. झेंडूची प्रत्येक ‘पाकळी’ हे एकेक स्वतंत्र लहान फूल असतं. एका देठावर बसलेल्या शंभर-दीडशे फुलांचं गाव म्हणजे एक झेंडू. म्हणूनच पाकळी उपटली की तिच्या बुडाशी कोवळं बी लागलेलं दिसतं. नातीला हे दाखवलं त्या दिवशी तिनं अख्खी ताटभर फुलं उकलून ठेवली.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला पितरांचा सण असतो. त्या दिवशी घरात आरास मांडतात आणि वेशीपासून किंवा थडग्यापासून घरापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. वारलेली माणसं रंग आणि उग्र वास यांच्या मागानं घराचा रस्ता ओळखतात, अशी तिथली श्रद्धा. या सणाला युनेस्कोच्या मानवी वारशाच्या यादीत २००८ साली जागा मिळाली. म्हणजे त्यांच्याकडे पित्रं आणि आपल्याकडे दसरा-दिवाळी, पण दोन्हीकडे फूल येऊन थांबतं ते उंबरठ्यावरच. आपण तोरण बांधतो तेही दारालाच. आपल्याकडेही झेंडू फक्त शुभाचा नाही, तिरडीवर आणि फोटोवरही तोच असतो. कुणी म्हणालं की मग हे फूल बाळाला कसं द्यायचं, तर मी सांगते की येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला दारात सोबत करणारं फूल आहे, बाळाला आणखी काय हवं?

युरोपात झेंडूच्या वाट्याला इतका मान आला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फुलांची सांकेतिक भाषा प्रचारात होती. तिच्यात मॅरिगोल्डला दुःखाचा आणि मत्सराचा अर्थ चिकटला. कार्डांवर आजही हा अर्थ छापलेला दिसला तर गोंधळू नका. आपण आपला अर्थ लिहावा.

शास्त्रीय नावाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानं १७५३ साली झेंडूला टॅजेटिस इरेक्टा असं नाव नोंदवलं. टॅजेस हा इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या कथेतला बालदेव. शेतकरी नांगरत होता आणि तासातून, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चरातून, हे बाळ वर आलं, अशी कथा आहे. नांगराच्या तासातून निघालेलं लेकरू म्हटल्यावर आपल्याला सीतामाईच आठवते.

भारतात झेंडू पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला असं मानलं जातं, म्हणजे मिरची, काजू, पेरू आले त्याच वाटेनं. नंदुरबारच्या मिरचीशिवाय खान्देशाची ओळख सांगता येत नाही, आणि ती मिरचीही मूळ अमेरिकेचीच. शेवभाजीतला तिखटाचा जाळ आणि दसऱ्याचं तोरण, दोन्ही पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले.

कोणता झेंडू घ्यायचा

दोन जाती ओळखा. एक मोठा, कमरेपर्यंत वाढणारा, नारिंगी किंवा पिवळ्या गोंड्याचा. याला रोपवाटिकेत ‘आफ्रिकन’ म्हणतात, आफ्रिकेशी त्याचा काही संबंध नसला तरी. दुसरा बुटका, लहान फुलांचा, तपकिरी-लाल छटेचा. याला ‘फ्रेंच’ म्हणतात, जुनी माणसं मखमल म्हणतात. तोही मेक्सिकोकडचाच.

जागा कमी असेल, गॅलरी असेल, किंवा हे पहिलंच वर्ष असेल तर मखमल घ्या. तो हमखास फुलतो. अंगण किंवा मळा असेल तर मोठा घ्या. कॉसमॉस हे ऑक्टोबरचं दुसरं फूल, तेही मूळचं मेक्सिकोचं. नारिंगी कॉसमॉस कुठेही फेकला तरी उगवतो. जोडीला चार बिया टाकायला हरकत नाही, पण त्याचं तोरण होत नाही, पाकळ्या लगेच गळतात.

बी दोन प्रकारचं मिळतं. दुकानातलं संकरित बी लवकर आणि एकसारखं फुलतं, पण त्या फुलाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं वेगवेगळी निघतात. गावठी बी उशिरा फुलतं, फूल थोडं लहान येतं, मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. लेकराच्या नावानं दरवर्षी तेच बी पुढे न्यायचं असेल तर गावठीच घ्यावं. मी दोन्ही लावते. संकरित भरवशासाठी आणि गावठी नातीसाठी.

तारीख मागे मोजणे

सगळं यश या एका पायरीवर आहे, म्हणून सावकाश वाचा. मोठ्या संकरित झेंडूला बी टाकल्यापासून रोप लावणीजोगं व्हायला २५ दिवस लागतात. लावणीपासून फुलापर्यंत ५५ ते ६० दिवस. मध्ये शेंडा खुडला की फूल १० ते १२ दिवस लांबतं. एकूण ९५ दिवस धरा. वाढदिवस १५ ऑक्टोबरचा असेल तर मागे मोजून १२ जुलै येतो. गावठी बियाला १२० दिवस द्या, म्हणजे जूनच्या मध्यावर, मृगाच्या पावसात पेरणी. मखमलीला ७० दिवस पुरतात, म्हणजे ६ ऑगस्टच्या सुमारास.

याला दोन पुरवण्या आहेत. एक, एकाच दिवशी सगळं बी टाकू नका. अर्धं ठरलेल्या दिवशी आणि अर्धं दहा दिवसांनी. एखाद्या वर्षी ढगाळ हवा लांबते आणि फूल उशिरा येतं, एखाद्या वर्षी उन्हानं लवकर. दोन हप्त्यांतला एक तरी वेळेवर सापडतो. दुसरं, वाढदिवस तिथीनं करत असाल तर पंचांग आधी उघडा. दसरा २०२४ साली १२ ऑक्टोबरला होता आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. अधिक महिना आला की तिथी वीसेक दिवस पुढे जाते. पेरणीची तारीख त्या-त्या वर्षीच्या तिथीवरून काढावी लागते.

रोप तयार करणे

आपली काळी माती झेंडूला पोसते चांगली, पण पाणी धरून ठेवते आणि झेंडूच्या मुळाला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. कुंडीत नुसती काळी माती भरली तर पावसात चिखल होतो आणि उघडीप मिळाली की भेगा पडतात. एक भाग काळी माती, एक भाग नदीची वाळू किंवा गाळ, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, असं मिश्रण करा. ताजं शेण घालू नका, मुळं जळतात.

उथळ ट्रेमध्ये किंवा तळाला भोकं पाडलेल्या जुन्या टोपलीत हे मिश्रण चाळून भरा. बी आडवं पसरा, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती चाळणीनं भुरभुरा आणि झारीनं पाणी द्या. चार ते सात दिवसांत उगवतं. मुसळधार पावसाचा थेंब थेट पडू देऊ नका, रोपं आडवी होतात. पण सावलीतही ठेवू नका. सावलीतली रोपं सुतासारखी लांब होतात आणि जन्मभर कमजोर राहतात.

रोप वीतभर उंच आणि चार-पाच पानांच्या जोड्यांचं झालं की लावणी. संध्याकाळी लावा. मळ्यात गादीवाफा अर्धा फूट उंच करा आणि दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवा. कुंडी बारा इंची असेल तर मोठ्या झेंडूचं एकच झाड, मखमलीची तीन. एका कुंडीत जास्त फुलं मिळावीत म्हणून पाच-पाच रोपं कोंबण्याचा मोह होतो. मी कोंबली होती. पाचही झाडं एकमेकांना खात बसली.

शेंडा खुडणे

लावणीनंतर साधारण महिन्यानं झाडाचा वरचा शेंडा दोन पानांच्या जोड्यांसकट नखानं खुडायचा. मला हे धाडस होत नव्हतं, वाढणारं झाड तोडायचं कसं? शेजारच्या मळ्यातल्या जिजी म्हणाल्या, “शेंडा खुडी टाक माय, मंग ते झाड फुटस.” आणि खरंच, आठवड्यात बगलेतून फांद्या सुटल्या. न खुडलेल्या झाडाला वर एक मोठं फूल येतं आणि खाली सगळा पाला. खुडलेलं झाड गोल होतं आणि वीस-पंचवीस कळ्या एकदम धरतं. मखमलीला खुडायची गरज नसते, ते आपसूक फुटतं. वाढदिवसाला चाळीस दिवसांहून कमी उरले असतील तर कुठलंच झाड खुडू नका, फूल तारखेच्या पुढे जाईल.

पाणी, खत, दुखणी

माझ्या पहिल्या वर्षीच्या हिरव्यागार झाडांची चूक दुहेरी होती. बी उशिरा पडलं होतं, आणि दर पंधरा दिवसांनी मी त्यांना युरिया देत होते. नत्र जास्त झालं की झेंडू पाल्यातच रमतो. लावणीच्या वेळचं शेणखत आणि कळ्या दिसायला लागल्यावर ओंजळभर गांडूळखत एवढं पुरे. पाणी बोटानं बघून द्या. वरची माती एक पेर खोल कोरडी लागली तरच. झाड पाणी असूनही दुपारी मान टाकत असेल तर आणखी पाणी ओतू नका, मुळं सडायला लागली आहेत. कुंडीचं भोक मोकळं करा.

सप्टेंबरअखेर ऊन तापलं की लाल कोळी येते. पानं मागून धुळकट दिसतात, बारीक जाळी दिसते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं जोराचं पाणी मारा, आणि आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. कळीत अळी दिसली तर हातानं वेचावी. लहान मूल जिथे हात घालणार आहे त्या झाडावर विषारी औषध मारू नये, एवढं मी हट्टानं सांगते. बाजारातली फुलंही बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

परतीचा पाऊस हा शेवटचा शत्रू. पावसानं भिजलेला गोंडा जड होतो आणि फांदी मोडते. कळ्या धरल्या की पऱ्हाटीची किंवा तुरीची काडी रोवून झाड सैल बांधून ठेवा. वाढदिवसाच्या आधीच्या तीन आठवड्यांत पहिली उमललेली फुलं तोडत राहा. झाडावर फूल सुकू दिलं तर झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या आखडतात.

शेतकरी घरांसाठी एक जोड

मळा असेल तर झेंडू नुसता शोभेला लावू नका. कपाशीच्या कडेनं आणि मध्येमध्ये झेंडूची ओळ ठेवली तर अमेरिकन बोंडअळीचा पतंग कपाशीऐवजी झेंडूच्या फुलांवर अंडी घालतो, आणि आपल्याला तिथेच अळी वेचता येते. गुलाबी बोंडअळीला हा उपाय लागू पडत नाही, तिच्यासाठी वेगळे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे सापळे लागतात. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना झेंडूचा दुसरा उपयोग आहे. त्याच्या मुळांत टरथिएनिल नावाचं द्रव्य असतं. ते मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारतं, आणि १९५८ साली शास्त्रज्ञांनी ते ओळखलं. केळी लावण्याआधी एक हंगाम त्या तुकड्यात दाट झेंडू घेतला तर मातीतले सूत्रकृमी कमी होतात. चार-दोन झाडं लावून मात्र हा गुण येत नाही.

वाढदिवसाच्या दिवशी आणि नंतर

फुलं पहाटे किंवा संध्याकाळी तोडा, दुपारी नको. पहाटे तोडलेली फुलं दव सुकेपर्यंत ओल्या फडक्यावर पसरून ठेवा आणि मग ओवा. एक आंब्याचं पान, दोन झेंडू, या क्रमानं चार फुटांच्या दारासाठी साठ-सत्तर फुलं लागतात. घरची तेवढी निघाली नाहीत तर दारासाठी बाजारातून आणा, औक्षणाच्या ताटात मात्र घरचीच ठेवा.

सुकलेल्या तोरणाच्या पाकळ्यांचा रंग निघतो. आम्ही दरवर्षी नातीचं एक सुती झबलं रंगवत आलो, आता झबल्याच्या जागी रुमाल आला आहे. १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवा आणि पिळून वाळवा. मग २० ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात दोन तास ठेवा. दुप्पट वजनाच्या ताज्या पाकळ्या, किंवा ५० ग्रॅम सुक्या, तासभर उकळून गाळा, आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास हलवत ठेवा. पिवळ्यापासून हळदुल्या सोनेरीपर्यंत रंग येतो. सावलीत वाळवा, उन्हानं तो उडतो.

बियासाठी सगळ्यांत निरोगी झाडाची तीन-चार पहिल्या बहरातली फुलं तोडायची नाहीत. झाडावरच देठ तपकिरी होईपर्यंत वाळू द्या. मग पाकळ्या ओढल्या की काळ्या सुईसारखं बी निघतं, वर पिवळट तुरा. जे बी पांढरं आणि पोकळ लागतं ते फोल, टाकून द्या. आठ दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत बांधा, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी धरते. पुडी डब्यात घालून घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि पत्र्याखालच्या फडताळात ठेवलेलं बी उगवत नाही. मी माझी पुडी माठाजवळच्या कोनाड्यात ठेवते, माठापासून हातभर लांब, ओल लागू नये म्हणून.

पुडीवर तीन गोष्टी लिहा: लेकराचं नाव, बी धरल्याचं वर्ष, आणि पुढच्या पेरणीची तारीख. यंदा आमच्या पुडीवरचं नाव नातीनं स्वतः लिहिलं आहे, ‘र’ उलटा काढून.